घटक ६ : अपघाताचा वृत्तांत आणि मराठी भाषा
(संदर्भ : बांधकामस्थळावरील इजा)

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला :
• बांधकामाच्या जागी होणाऱ्या अपघातांचे मुख्य प्रकार आणि त्यांच्याशी निगडित रूढ मराठी शब्द सांगता येतील.
• क्रियापदाचे रूप बदलले की वाक्यातील जबाबदारीचा निर्देश कसा बदलतो, हे स्पष्ट करता येईल.
• प्रत्यक्ष पाहिलेली, ऐकलेली आणि अनुमानाने काढलेली माहिती वेगवेगळी मांडता येईल.
• नुकसानभरपाईच्या दृष्टीने आवश्यक तपशील असलेला अपघात-वृत्तांत लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात सभेचा वृत्तांत, समारंभाचा अहवाल, पाहणीचा अहवाल असे लेखनप्रकार येतात. अपघाताचा वृत्तांत हा त्याच कुळातला असला तरी एका बाबतीत वेगळा आहे. सभेच्या वृत्तांतात चूक राहिली, तर पुढील सभेत ती दुरुस्त करता येते. अपघाताच्या बाबतीत ही सोय नसते. परांची दुसऱ्या दिवशी उतरवली जाते, खड्डा बुजवला जातो, बरोबरचे मजूर दुसऱ्या कामावर निघून जातात. मागे उरतो तो कागद. पोलिसांचा पंचनामा असो, रुग्णालयातील केसपेपर असो वा वृत्तपत्रातील चार ओळी असोत, जखमी माणसाचे पुढील आयुष्य बऱ्याच अंशी त्या कागदावरील शब्दांवर ठरते.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी पाच हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन सादर केले. रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबर त्यात आणखी एक मागणी होती. कामावर जबर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी, अशी ती मागणी होती. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी, १९२३ मध्ये, कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. कायद्याने हक्क दिला. पण हक्क सिद्ध करण्यासाठी घटना शब्दांत मांडावी लागते. हे मांडणे कसे असावे, हा या घटकाचा विषय आहे.

विवेचनासाठी आपण सोलापूर शहर आणि त्यातील शुक्रवार पेठ डोळ्यांसमोर ठेवू. गिरण्या, यंत्रमाग आणि विडी यांमुळे सोलापूर कामगारांचे शहर म्हणून ओळखले जाते. शहरालगत कुंभारी येथे असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहिला आणि त्यांतील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांकडे सुपूर्द झाली. असे मोठे प्रकल्प सर्वांना दिसतात. जुन्या पेठांतील बांधकाम मात्र विखुरलेले आणि लहान असते. एखादे माळवदाचे घर पाडायचे आणि त्याच जागी दोन-तीन मजले चढवायचे, असे त्याचे स्वरूप असते. गल्ली अरुंद, शेजारची भिंत सामाईक, विजेच्या तारा जवळ आणि कामावर आठ-दहा माणसे. अशा ठिकाणी सुरक्षा अधिकारी नसतो, कार्यालय नसते. पुष्कळदा हजेरीवहीसुद्धा नसते. म्हणूनच तेथील अपघाताची नोंद कोण करतो आणि कशी करतो, याला विशेष महत्त्व येते.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ धोक्यांचे प्रकार आणि कामावरचे शब्द

वृत्तांतलेखकाला बांधकामाचे तांत्रिक शिक्षण असण्याची गरज नाही. परंतु कामावर जी वस्तू ज्या नावाने ओळखली जाते ते नाव त्याला ठाऊक असले पाहिजे. 'मजूर उंचावरून पडला' हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी आहे. तो परांचीवरून पडला, स्लॅबच्या कडेवरून पडला, जिन्याच्या मोकळ्या जागेतून पडला की शिडीवरून पडला, यावर पुढचा प्रत्येक प्रश्न अवलंबून असतो. परांची असेल तर फळ्या बांधल्या होत्या का, स्लॅबची कड असेल तर कठडा होता का, शिडी असेल तर ती खाली कोणी धरली होती का, असे प्रश्न त्या एका शब्दातून निघतात.

उंचावरून पडणे हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार वरून वस्तू पडण्याचा : वीट, सळई, घमेले, पाळण्यातून निसटलेले साहित्य. तिसरा प्रकार ढासळण्याचा. यात पायासाठी खणलेल्या चराची माती, पाडकाम चालू असलेली भिंत आणि ओल्या स्लॅबखालचे सेंट्रिंग हे तिन्ही येतात. भारतीय मानकांनुसार कठीण खडक वगळता दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार द्यावा लागतो किंवा त्या उतरत्या ठेवाव्या लागतात. दीड मीटर म्हणजे साधारण माणसाच्या खांद्याइतकी खोली. त्यामुळे वृत्तांतात 'खोल चर' असे न लिहिता खोली मोजून लिहिणे आवश्यक ठरते.

चौथा प्रकार विजेचा. जुन्या पेठेत वरच्या मजल्यावर लांब सळई उभी करताना ती गल्लीतील तारेला लागण्याचा धोका असतो. पाचवा प्रकार यंत्राचा : लाकूड कापण्याची चकती, काँक्रीट मिक्सर, सामान वर नेणारी लिफ्ट. सहावा प्रकार 'अपघात' या शब्दात सहजी बसत नाही. तो सावकाश होणाऱ्या इजेचा आहे. दगड वा फरशी कापताना उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन सिलिकोसिस होतो. ओल्या सिमेंटने हातापायांची कातडी जळते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असताना स्लॅबवर काम करणाऱ्याला उष्माघात होऊ शकतो. १९२३ च्या कायद्याने सिलिकोसिससारख्या ठरावीक व्यवसायजन्य रोगांना अपघाती इजेच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. भाषेच्या अभ्यासकाने हे लक्षात ठेवावे, कारण 'अपघात' या शब्दातला आकस्मिकपणाचा अर्थ अशा इजांना नोंदीबाहेर ठेवतो.

आपली प्रगती तपासा : १
'मजूर उंचावरून पडून जखमी झाला' या वाक्यातून कोणती माहिती मिळत नाही? किमान चार बाबी लिहा.

६.२.२ क्रियापद आणि जबाबदारी

मराठीत क्रियापदांच्या अनेक जोड्या आहेत : पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे, निघणे–काढणे, मरणे–मारणे. जोडीतील पहिले क्रियापद अकर्मक आहे. त्यात क्रिया आपोआप घडल्यासारखी वाटते. दुसरे सकर्मक आहे आणि ते कर्त्याची मागणी करते. 'टेकू निघाला' असे म्हटले की वाक्य पूर्ण होते. 'टेकू काढला' असे म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतो. अपघाताच्या बातम्यांत पहिल्या गटातील क्रियापदांची गर्दी असते : भिंत कोसळली, दोर तुटला, फळी निसटली, मजूर पडला. यांतील एकही वाक्य खोटे नसते. तरीही ती सलग वाचल्यावर असा समज होतो की सर्व वस्तू स्वतःच्या मर्जीने वागल्या.

आता एकाच परिस्थितीची चार वाक्ये पाहा :

(अ) मजुराने सुरक्षापट्टा लावला नव्हता.
(आ) मजुराच्या अंगावर सुरक्षापट्टा नव्हता.
(इ) मजुराला सुरक्षापट्टा दिलेला नव्हता.
(ई) मजुराला सुरक्षापट्टा दिला होता. परंतु तो अडकवण्यासाठी दोर वा पक्का आधार नव्हता.

पहिल्या वाक्यात मजूर कर्ता आहे. पट्टा उपलब्ध होता आणि त्याने तो वापरला नाही, असे त्यातून ध्वनित होते. दुसरे वाक्य केवळ स्थिती सांगते. तिसऱ्यात मजूर चतुर्थीत जातो. देणारा अध्याहृत असला तरी तो मजूर नाही, हे निश्चित होते. चौथ्या वाक्याने प्रश्नच बदलतो, कारण पट्टा असूनही त्याचा उपयोग नव्हता, हे त्यातून कळते. पाहणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट फक्त दुसऱ्या वाक्यातली असते. घाईत मात्र बहुधा पहिले वाक्य लिहिले जाते, कारण 'पट्टा लावणे' हा रूढ शब्दप्रयोग जिभेवर असतो. अशा रीतीने लेखकाच्या मनात नसतानाही दोष मजुराकडे जातो.

प्रशासकीय मराठीत '-ण्यात येणे' ही रचना फार वापरली जाते. 'ठेकेदाराने कठडा लावला नाही' या कर्मणी प्रयोगात कर्ता तृतीयेत स्पष्ट असतो. 'कठडा लावण्यात आला नव्हता' या रचनेत तो वगळता येतो आणि वाक्य तरीही शुद्ध राहते. ही रचना सर्वत्र त्याज्य आहे असे नाही. कर्ता खरोखरच माहीत नसेल तेव्हा ती प्रामाणिक असते. नियम इतकाच की कर्ता माहीत असेल तर तो लिहावा आणि माहीत नसेल तर 'कोणी काढला हे समजले नाही' असे एक वाक्य जोडावे. अज्ञात कर्ता आणि लपवलेला कर्ता यांत फरक करण्याची सोय या एका वाक्याने होते.

वृत्तपत्रीय भाषेत याहून निराळी अडचण आहे. 'काळाने घाला घातला', 'नियतीने डाव साधला', 'भिंतीने घेतला बळी' अशा वाक्यांत सकर्मक क्रियापद असते आणि कर्ताही असतो. पण तो कर्ता काळ, नियती किंवा भिंत असतो. शोक व्यक्त करण्यासाठी ही भाषा जुनी आणि समर्थ आहे. श्रद्धांजलीत ती शोभते. वृत्तांतात मात्र ती चौकशीची वाट अडवते, कारण नियतीला नोटीस बजावता येत नाही. 'दुर्दैवी' या विशेषणाचेही तसेच आहे.

महाराष्ट्रातील दोन घटनांवरून हे पडताळता येईल. २९ जून २०१९ रोजी, मध्यरात्रीनंतर, पुण्याच्या कोंढवा भागात मुसळधार पावसात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत लगतच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि लहान मुलांसह १५ जण मृत्युमुखी पडले. 'पावसामुळे भिंत कोसळली' हे एक वाक्य झाले. 'भिंतीच्या पायथ्याशी मजुरांच्या राहण्याच्या खोल्या होत्या' हे दुसरे वाक्य. दुसरे वाक्य लिहिल्याबरोबर 'त्या तेथे कोणी बांधल्या?' हा प्रश्न येतो. पहिल्यातून तो येत नाही. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री गर्डर बसवणारे अवजड यंत्र गर्डरसह कोसळले आणि २० जण ठार झाले. येथेही 'यंत्र कोसळले' हे घटनेचे शेवटचे टोक आहे. वृत्तांताने त्या टोकापासून मागे जाऊन यंत्र कोणाच्या ताब्यात होते, काम कोणत्या वेळी चालू होते आणि खाली व वर किती माणसे होती, हे नोंदवायचे असते.

आपली प्रगती तपासा : २
'सेंट्रिंगचा टेकू निघाल्याने स्लॅब कोसळला' हे वाक्य दोन प्रकारे पुन्हा लिहा : (अ) टेकू काढणारा माहीत असताना, (आ) तो माहीत नसताना.

६.२.३ पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानलेले

भारतीय तर्कशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे मानली आहेत. वृत्तांतलेखकाला ही विभागणी व्यवहारात उपयोगी पडते. परांचीला कठडा नव्हता, हे तो पाहतो, ते प्रत्यक्ष. फळी सकाळपासून हलत होती, हे बिगारी सांगतो, तो शब्द. फळी बांधलेली नसल्यामुळे निसटली असावी, हे लेखक ठरवतो; ते अनुमान. तिन्ही गोष्टी वृत्तांतात येऊ शकतात, परंतु एकाच वाक्यात मिसळून येऊ नयेत. 'असावी', 'असे सांगितले', 'दिसून आले' ही मराठीतील छोटी रूपे हे काम नेमकेपणाने करतात. 'म्हणे' आणि 'असे समजते' यांचा उपयोग मात्र टाळावा, कारण त्यांत सांगणारा कोण हे हरवते.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या भाषा घराघरांत बोलल्या जातात. जखमी मजूर किंवा त्याची पत्नी जे सांगते ते पुष्कळदा यांपैकी एका भाषेत असते आणि नोंद होते ती मराठीत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा आहे. त्यामुळे मराठीत नोंद होणे योग्यच. परंतु सांगणाऱ्याचे वाक्य ऐकणाऱ्याच्या लेखणीतून उतरताना ठरीव साच्यात बसवले जाते. 'फळीखालचा बांबू हलत होता, मी सकाळी सांगितलं होतं' या बोलण्याचे 'तोल जाऊन पडला' असे रूपांतर होऊ शकते. मग धोक्याची आगाऊ सूचना देऊन झाली होती, हा सर्वांत महत्त्वाचा भाग कागदावर येतच नाही. म्हणून जबाब कोणत्या भाषेत दिला, मराठीत कोणी सांगितला आणि लिहिल्यावर तो जखमीला त्याच्या भाषेत वाचून दाखवला का, या तीन गोष्टी नोंदवाव्यात.

रुग्णालयातील पहिली नोंद याच कारणाने निर्णायक असते. सोबत आलेला मुकादम 'घरी जिन्यावरून पडला' असे सांगू शकतो. बेशुद्ध मजूर ते खोडून काढू शकत नाही. जखमीबरोबर जाणाऱ्या सुशिक्षित व्यक्तीने केसपेपरवर 'बांधकामावर काम करताना' हे तीन शब्द येतात की नाही, हे पाहावे.

६.२.४ नोंद आणि नुकसानभरपाई

१९२३ च्या कायद्याचे नंतरचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असे होते. त्यातील तत्त्वे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही समाविष्ट झाली आहेत. येथे आपण मूळ कायद्याची परिभाषा आणि त्यातील कोष्टके उदाहरणादाखल घेऊ. या कायद्याचा गाभा एका वाक्यांशात आहे : इजा 'कामामुळे आणि कामाच्या ओघात' झालेली असावी. 'कामाच्या ओघात' हा वेळेचा आणि जागेचा निकष आहे; 'कामामुळे' हा कारणाचा. दोन्ही सिद्ध करणारी वाक्ये वृत्तांतात असली पाहिजेत.

ज्या ठिकाणी काम आणि निवास एकत्र असतो, तेथे हा निकष अवघड होतो. कोंढव्याचे मजूर झोपेत होते. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योगाच्या एका कारखान्याला आग लागली, तेव्हा तेथेच राहणाऱ्या आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत स्वतः कारखानदारही होते. कामाची व्याप्ती कामाच्या वेळेआधी व नंतर आणि प्रत्यक्ष जागेच्या थोडी बाहेरही पोहोचू शकते आणि ती परिस्थितीवरून ठरवावी, हा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९५८ च्या एका निकालात विशद केला आहे. परिस्थिती ठरवायची ती नोंदींवरून. मजूर जागेवर का राहत होता, खोली कोणी दिली होती, रात्री साहित्याची राखण त्याच्याकडे होती का, हे लिहिलेले नसेल तर ठरवण्यास आधार राहत नाही.

आता आकड्यांकडे पाहू. मृत्यू झाल्यास भरपाई अशी काढतात : मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. ३ जानेवारी २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने यासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये ठरवली. गुणक ३५ व्या वर्षी १९७.०६ आणि ४० व्या वर्षी १८४.१७ असा आहे. समजा, मृत गवंड्याचे वय ३५ आणि वेतन १५,००० रुपये आहे. ७,५०० गुणिले १९७.०६ म्हणजे १४,७७,९५० रुपये. पंचनाम्यात सवयीने 'वय अंदाजे ४०' लिहिले आणि तेच पुढे कायम राहिले, तर रक्कम १३,८१,२७५ रुपये होते. एका 'अंदाजे'ची किंमत ९६,६७५ रुपये. वेतन १५,००० ऐवजी १०,००० लिहिले गेले, तर ३५ व्या वर्षीची रक्कम ९,८५,३०० रुपयांवर येते. म्हणजे ४,९२,६५० रुपये कमी.

अंगाच्या इजेची नोंदही अशीच काटेकोर हवी. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईक्षमतेची हानी ३० टक्के मानली आहे. तर्जनी पूर्ण गेल्यास १४, दोन पेरे गेल्यास ११ आणि एक पेर गेल्यास ९ टक्के. लाकूड कापताना चकतीत 'बोट तुटले' एवढेच लिहिले तर यांपैकी कोणता आकडा लावायचा?

टक्केवारीपलीकडचा विचारही आहे. एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना ६ जुलै १९६८ रोजी एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. उरलेल्या हाताने तो काही तरी करू शकेल, म्हणून त्याचे अपंगत्व अंशतः माना, असा मालकपक्षाचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये तो अमान्य केला. सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून त्या कामाच्या दृष्टीने त्याचे अपंगत्व पूर्ण आहे, असे ठरले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही याच निकालाने स्पष्ट केले. या निकालाचा पाया 'सुतार' या शब्दावर आहे. त्याच्या नावापुढे केवळ 'मजूर' असे लिहिले असते, तर हा युक्तिवाद कठीण झाला असता. म्हणून गवंडी, सुतार, फिटर, सेंट्रिंगवाला, बिगारी असे नेमके काम लिहावे.

आणखी तीन तरतुदी लेखकाने ध्यानात ठेवाव्यात. पहिली : मजूर दारूच्या अंमलाखाली होता किंवा त्याने सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला आणि त्यामुळेच इजा झाली, तर मालकाला सूट मिळू शकते, परंतु मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असल्यास ही सूट नाही. दुसरी : मजूर ठेकेदाराचा असला तरी ज्याने आपल्या व्यवसायाच्या ओघात ते काम ठेक्याने दिले, त्या मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते. म्हणून ठेकेदार आणि काम देणारा ही दोन्ही नावे वृत्तांतात हवीत. तिसरी : सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी आणि दावा साधारणतः दोन वर्षांच्या आत करावा.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. मृत्यू झाल्यास किंवा ४८ तास वा अधिक काळ काम करता येणार नाही अशी इजा झाल्यास मालकाने अधिकाऱ्यांना कळवावे, असे त्यात सांगितले होते. त्याच वर्षीच्या उपकर कायद्याखाली महाराष्ट्रात बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घेतला जात असे आणि तो कामगार कल्याणकारी मंडळाकडे जात असे. १८ ते ६० वयाच्या, मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या व्यक्तीला मंडळाकडे नोंदणी करता येते. मात्र दहापेक्षा कमी कामगार असलेली कामे आणि दहा लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःचे राहते घर या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते. पेठेतील पुष्कळ लहान कामे याच फटीत सापडतात. तेथे नोंद ठेवण्याची यंत्रणा नसल्याने शेजाऱ्याने वा कार्यकर्त्याने लिहिलेला साधा वृत्तांतही मोलाचा ठरतो.

६.२.५ वृत्तांताचा नमुना

(पुढील प्रसंग अभ्यासासाठी कल्पिलेला आहे.)

प्रथम स्थानिक बातमीच्या धर्तीवरील मजकूर :

'शुक्रवार पेठेत बांधकाम सुरू असलेल्या इमारतीवरून तोल जाऊन पडल्याने एक मजूर गंभीर जखमी झाला. त्याने सुरक्षापट्टा लावला नसल्याचे सांगण्यात आले. या दुर्दैवी घटनेने हळहळ व्यक्त होत आहे.'

आता त्याच घटनेचा वृत्तांत :

ठिकाण : शुक्रवार पेठ, सोलापूर. जुने घर पाडून चालू असलेले तीन मजली निवासी बांधकाम.
वेळ : सकाळी सुमारे ११.१५. (दिनांक व वार पूर्ण लिहावा.)
जखमी व्यक्ती : पुरुष, पूर्ण वय ३५ वर्षे, आधारपत्रावरील जन्मदिनांकानुसार. काम : गवंडी. या जागी २३ वा दिवस.
मजुरी : जखमीच्या सांगण्यानुसार दररोज ८०० रुपये. हजेरीवहीत नाव आहे. मजुरीचा रकाना कोरा आहे.
घटना : गवंडी दुसऱ्या मजल्याच्या बाहेरील भिंतीला गिलावा करत होता. तो बांबूच्या परांचीवर उभा होता. फळीचे एक टोक आडव्या बांबूवरून निसटले आणि तो फळीसह गल्लीत पडला, असे सोबतच्या बिगाऱ्याने सांगितले.
पाहणी (११.४५ वाजता) : परांचीची उंची टेपने मोजली, ती २१ फूट आहे. परांचीला कठडा नाही. खाली जाळी नाही. उरलेल्या फळ्या बांबूला बांधलेल्या नाहीत. पडलेल्या फळीवर दोर वा तार बांधल्याची खूण दिसली नाही. दोन सुरक्षापट्टे सिमेंटच्या खोलीत होते. खोलीला कुलूप होते आणि किल्ली मुकादमाकडे होती.
जबाब : बिगाऱ्याने तेलुगूत सांगितले की, फळी हलत असल्याचे गवंड्याने सकाळी नऊच्या सुमारास मुकादमाला सांगितले होते. शेजारच्या गृहस्थांनी हे मराठीत सांगितले. लिहिलेला मजकूर बिगाऱ्याला तेलुगूत समजावून सांगितला. मुकादमाने सांगितले की, पट्टा लावण्याची सूचना त्याने सर्वांना दिली होती.
न समजलेली बाब : ती फळी कोणी टाकली होती, हे समजले नाही.
इजा : उजव्या मांडीचे हाड मोडले, उजवे मनगट चिरडले. (वैद्यकीय नोंदीनुसार.)
काम देणारा व ठेकेदार : दोघांची नावे व पत्ते.

दोन्ही मजकूर ताडून पाहा. वृत्तांतात कोणालाही दोषी म्हटलेले नाही. मुकादमाचे म्हणणेही वगळलेले नाही. परंतु 'पट्टा लावण्याची सूचना दिली होती' हे वाक्य आणि 'पट्टे कुलपात होते' हे निरीक्षण एकाच कागदावर आल्यामुळे त्यांचा मेळ घालण्याची जबाबदारी चौकशी करणाऱ्यावर येते. 'तोल जाऊन' हा शब्दप्रयोग गळाला, कारण तोल गेल्याचे कोणीही पाहिले किंवा सांगितले नव्हते. न्याय करणे हे वृत्तांतलेखकाचे काम नव्हे. न्याय करता येईल इतके शिल्लक ठेवणे हे त्याचे काम.

६.३ सारांश

अपघाताचा वृत्तांत हा पुराव्याचा कागद असतो. अकर्मक क्रियापदे, '-ण्यात येणे' ही रचना आणि नियतीला कर्ता करणारी अलंकारिक भाषा यांमुळे जबाबदारीचा प्रश्न झाकला जातो. 'पट्टा लावला नव्हता' यांसारख्या सवयीच्या वाक्यांमुळे तो चुकीच्या व्यक्तीकडे जातो. पाहिलेले, ऐकलेले व अनुमानलेले वेगळे ठेवावे. वय, वेतन, नेमके काम, इजेचा अवयव आणि कामाशी असलेला संबंध हे तपशील भरपाईची रक्कम व हक्क ठरवतात. माहीत नसलेली गोष्ट 'समजली नाही' असे लिहून नोंदवणे हाही अचूकतेचाच भाग आहे.

६.४ शब्दार्थ

परांची : उंचावर काम करण्यासाठी बांबू वा लोखंडी नळ्यांवर फळ्या टाकून केलेली तात्पुरती बैठक, काही भागांत पहाड.
सेंट्रिंग : ओले काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला आधार देणारा साचा व टेकू.
बिगारी : गवंड्याच्या हाताखाली काम करणारा मजूर.
माळवद : लाकडी तुळयांवर माती टाकून केलेले सपाट छप्पर.
अध्याहृत : वाक्यात न उच्चारलेला, पण गृहीत असलेला.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

आपली प्रगती तपासा : १
तो कशावरून पडला, किती उंचीवरून पडला, त्या वेळी कोणते काम करत होता, कोणासाठी काम करत होता, कठडा व जाळी होती का, इजा कोणत्या अवयवाला झाली, यांपैकी कोणत्याही चार बाबी.

आपली प्रगती तपासा : २
(अ) मुकादमाच्या सांगण्यावरून बिगाऱ्याने सेंट्रिंगचा टेकू काढला. त्यानंतर स्लॅब कोसळला. (आ) सेंट्रिंगचा एक टेकू जागेवर नव्हता. तो कोणी काढला हे समजले नाही. त्या भागातील स्लॅब कोसळला.
('त्यामुळे' ऐवजी 'त्यानंतर' वापरल्याने कारणाचे अनुमान घटनेत मिसळत नाही, हे लक्षात घ्या.)

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'अकर्मक क्रियापद आणि जबाबदारी' या विषयावर सोदाहरण टीप लिहा.
२. 'पट्टा दिला', 'पट्टा होता' आणि 'पट्टा लावला' या तीन वाक्यांशांतील अर्थभेद स्पष्ट करा.
३. बहुभाषिक शहरात जबाब नोंदवताना कोणती काळजी घ्यावी, ते सोलापूरच्या संदर्भात लिहा.

६.७ क्षेत्रीय कार्य

एका महिन्यातील मराठी वृत्तपत्रांतून बांधकामावरील अपघातांच्या पाच बातम्या जमवा. प्रत्येक बातमीतील क्रियापदे अधोरेखित करून अकर्मक व सकर्मक अशी वर्गवारी करा. जखमीचे वय, नेमके काम, काम देणाऱ्याचा उल्लेख आणि माहितीचा स्रोत यांपैकी काय आढळले नाही, त्याची नोंद करा. तुमच्या परिसरातील एखाद्या गवंड्याला किंवा बिगाऱ्याला भेटून कामावरील साधनांची किमान पंधरा नावे त्याच्या बोलीत लिहून घ्या आणि त्यांचे अर्थ द्या.